तर्कसंग्रह-दीपिका वाचताना अडतंय. आधी व्याकरण पुरं करावं का?

पूर्वपक्षी
एम.ए. तत्त्वज्ञान, पहिलं वर्ष. अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह (न्याय-वैशेषिकाची प्रवेशपोथी) दीपिकेसह, म्हणजे त्यावरच्या टीकेसह, मुळातून लावलेला आहे. संस्कृत दहावीपर्यंत, तेही संयुक्त. मूळ ग्रंथ भाषांतर शेजारी ठेवून कळतो. दीपिका मात्र लागत नाही. पृथ्वीच्या लक्षणाखालचा (व्याख्येखालचा) हा भाग पाहा:

ननु सुरभ्यसुरभ्यवयवारब्धे द्रव्ये परस्परविरोधेन गन्धानुत्पादादव्याप्तिः। न च तत्र गन्धप्रतीत्यनुपपत्तिरिति वाच्यम्, अवयवगन्धस्यैव तत्र प्रतीतिसंभवेन चित्रगन्धानङ्गीकारात्। किञ्च उत्पन्नविनष्टघटादावव्याप्तिरिति चेन्न, गन्धसमानाधिकरणद्रव्यत्वापरजातिमत्त्वस्य विवक्षितत्वात्।

सुटे शब्द कोशात सापडतात, पण कोण कोणाला काय म्हणतंय तेच समजत नाही. वाचन थांबवून आधी व्याकरण पुरं करू का? प्रत कोणती घ्यावी? आणि पुढे नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) द्यायची तर संस्कृतातून की तत्त्वज्ञानातून?

ननुनच
व्याकरण पुरं व्हायची वाट पाहिलीत तर दीपिका निवृत्तीनंतर उघडाल. शास्त्रातल्या गद्याला व्याकरण लागतं, पण ठरावीक. दहा लकार नि सगळ्या धातूंची रूपं घोकून इथे फार उपयोग नाही, कारण क्रियापदं जवळजवळ नसतातच. वर दिलेल्या तीन वाक्यांत एकही तिङन्त (क्रियापदाचं) रूप नाही. हेतू सांगणारी पंचमी, त्व/ता लावून केलेली भाववाचक नामं, मतुप् (मान्, वान्), क्त आणि ण्यत्/अनीयर् ही कृदन्तं, सती सप्तमी, आणि समास, विशेषतः तत्पुरुष नि बहुव्रीही, एवढं पक्कं करा. संधी सोडवणं वाचता वाचता जमत जातं.

आता तुमचा उतारा. आधी अर्थ शोधू नका, आधी कंस घाला. ‘ननु’पासून ‘इति चेत्’पर्यंत एक मोठा कंस. त्याच्या आतलं सगळं पूर्वपक्षाचं, म्हणजे आक्षेप घेणाऱ्याचं. ‘न’ नंतर सिद्धांती, म्हणजे ग्रंथकाराची बाजू मांडणारा, बोलतो. इथे ‘ननु’ एक, ‘चेन्न’ एक, पण आक्षेप दोन आहेत, आणि ते ‘किञ्च’ने जोडलेत. उत्तर मात्र दोघांना मिळून एकच.

मधल्या ‘न च … वाच्यम्’वर बहुतेक जण घसरतात. ‘न’ दिसला की सिद्धांती बोलायला लागला असं वाटतं. तसं नाही, तिथेही पूर्वपक्षीच बोलतोय. तो म्हणतो: सुवासिक आणि दुर्गंधी अवयवांपासून एक द्रव्य बनलं, तर दोन्ही वास एकमेकांना अडवतात आणि त्या द्रव्यात वास उपजतच नाही. मग ‘गंधवती’ हे लक्षण तिथे लागू पडत नाही, अव्याप्ती झाली. यावर कोणी विचारेल, वास नसेल तर मग तिथे वास येतो तो कसा? ही शंका पूर्वपक्षी स्वतःच उचलतो आणि मोडतो: येतो तो अवयवांचा वास, संमिश्र असा ‘चित्रगंध’ आपण मानत नाही. म्हणजे ‘न च … वाच्यम्’ हा कंसातला कंस. तो कोणाच्या तोंडी आहे हे बाहेरच्या कंसावरून ठरतं.

उत्तरातला समास शेवटाकडून उलगडा. ‘मत्त्व’, म्हणजे असणं. काय असणं? जाती. कसली जाती? ‘द्रव्यत्वापर’, म्हणजे द्रव्यत्वापेक्षा कमी व्याप्तीची. आणखी कशी? ‘गन्धसमानाधिकरण’, म्हणजे गंध जिथे राहतो तिथे राहणारी. अशी जाती पृथ्वीत्व. एखाद्या घटात त्या क्षणी वास नसेना का, पृथ्वीत्व असतंच. लक्षण बसलं.

एवढ्यावर थांबू नका. एकेक शब्द काढून काय बिघडतं ते पाहा. ‘गन्धसमानाधिकरण’ काढला, तर जलत्वही द्रव्यत्वापर जाती आहे, लक्षण पाण्यात शिरलं. ‘द्रव्यत्वापर’ काढला, तर सत्ता (‘असणं’ ही सर्वांत व्यापक जाती) आणि द्रव्यत्व गंधासोबत पृथ्वीत राहतात आणि पाण्यातही असतात, पुन्हा अतिव्याप्ती, लक्षण नको तिथेही लागू. ‘जाती’च्या जागी नुसता ‘धर्म’ म्हटलं, तर ‘पृथ्वी-जल यांपैकी एक असणं’ हा धर्मही चालेल आणि पाणी परत आत येईल. याला पदकृत्य म्हणतात. परीक्षेत आठ गुणांच्या उत्तरात सहा गुण याचेच असतात, असं समजून चला.

घटपट
प्रतीबद्दल. आठल्ये-बोडस यांची प्रत (मुंबई संस्कृत मालिका, १८९७, पुढची छपाई भांडारकर संस्थेची) हाताशी असावीच. मूळ आणि दीपिका नीट छापलेली आहे, इंग्रजी टिपा भरपूर आहेत, बोडसांची प्रस्तावना न्याय-वैशेषिकाचा इतिहास म्हणून आजही वाचनीय आहे. फक्त त्या टिपांमध्ये ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्राशी तुलना वारंवार येते, ती तशीच उत्तरपत्रिकेत उतरवू नका. पंचावयव वाक्यातल्या (अनुमान मांडणाऱ्या पाच भागांच्या वाक्यातल्या) उदाहरणात ‘यो यो धूमवान् स वह्निमान्’ (जिथे धूर तिथे अग्नी) नंतर ‘यथा महानसम्’ (जसं स्वयंपाकघर) येतं. नुसत्या व्याप्तिवाक्याला मोठं विधान म्हणून ॲरिस्टॉटलच्या साच्यात बसवलं की हा दृष्टांत कशाला हवा, हेच कळेनासं होतं.

दीपिकेचं ओळीओळीने इंग्रजी विवेचन हवं तर गोपीनाथ भट्टाचार्यांचं (कोलकाता, १९७६). शिवाय न्यायबोधिनी आणि पदकृत्य या दोन टीका एकत्र छापलेली एखादी छोटी संस्कृत प्रत घ्या. ननुनच यांनी वर जे केलंय, ते चंद्रजसिंहाची ‘पदकृत्य’ ही टीका जवळपास प्रत्येक लक्षणाला करते, आणि भाषा दीपिकेपेक्षा सोपी. खरं तर मी म्हणेन पहिल्या फेरीत मूळ आणि पदकृत्य वाचा, दीपिका दुसऱ्या फेरीत.

कोशांचं असं: आपटे रोजच्या वापराला उत्तम, पण पारिभाषिक अर्थाला अपुरा पडतो. तिथे भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश, वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली १९२८ची आवृत्ती. तो सगळा संस्कृतात आहे, म्हणून पहिल्या सत्रात जड जाईल. नोंदीतलं पहिलं लक्षण आणि त्याचं उदाहरण एवढंच वाचा, पुढचे मतभेद सोडून द्या.

गटिंगेनच्या ग्रेटिल संग्रहात संस्कृत संहिता रोमन लिपीत शोधता येतात. अख्खा शब्द टाकून शोधू नका, संधीमुळे तो सापडणारच नाही. ‘अव्याप्तिः’ हवं असेल तर ‘व्याप्ति’ एवढंच टाका, कारण तुमच्याच उताऱ्यात तो शब्द ‘गन्धानुत्पादादव्याप्तिः’ होऊन बसलाय.

पूर्वपक्षी
दोघांचे आभार. कंस घातल्यावर उतारा लागला. एक राहिलं. ‘उत्पन्नविनष्ट’ घटाला वास का नसतो? उपजताक्षणी नष्ट झाला म्हणून वास घ्यायला कोणी नव्हतं, असं?

क्षणमात्र
नाही, वास घेणाऱ्याचा इथे काही संबंध नाही. न्यायमतात द्रव्य हे आपल्या गुणांचं समवायी कारण, म्हणजे ज्यात ते गुण उपजून राहतात ते. कारण कार्याच्या आधी हवं. म्हणून घट पहिल्या क्षणी निर्गुण असतो, दुसऱ्या क्षणी त्यात रूप, गंध वगैरे उपजतात. जो घट पहिल्या क्षणानंतर लगेच नष्ट झाला, त्याला गंध कधी मिळालाच नाही. खरं तर प्रत्येक घटाच्या पहिल्या क्षणाला हीच अडचण आहे, उत्पन्नविनष्ट घटात ती कायमची राहते एवढंच. हे ध्यानात आलं की ‘गन्धवत्त्व’ सोडून जातीपर्यंत का जावं लागलं ते दिसतं: गुण यायला क्षण लागतो, जाती पहिल्यापासून असते.

घटपट यांच्या क्रमाशी मी सहमत नाही. दीपिका स्वतः अन्नंभट्टांचीच आहे. मूळ लक्षण मुद्दाम ढिलं ठेवून ती ते आवळते. ती मागे ठेवली तर सहा महिने ढिलं लक्षणच डोक्यात बसतं. त्यापेक्षा पहिल्या फेरीत दीपिका निवडक घ्या: लक्षणाचे तीन दोष (अव्याप्ती, अतिव्याप्ती, असंभव), पृथ्वी, कारणाचे तीन प्रकार, सहा संनिकर्ष (इंद्रिय-विषयांचे संबंध), व्याप्ती (हेतू तिथे साध्य, हा नियम) आणि हेत्वाभास (सदोष हेतू). मंगलवाद (ग्रंथारंभीच्या मंगलाची चर्चा) आणि शेवटचा मोक्षाचा भाग नंतर.

मूळ ग्रंथ मात्र पाठच हवा. छोटा आहे. टीका मुळातला एखाद-दुसरा शब्द प्रतीक म्हणून घेते आणि पुढे जाते. मूळ तोंडात नसेल तर दर वेळी पान उलटावं लागतं. मंगलश्लोकातल्या ‘बालानां सुखबोधाय’ने हुरळून जाऊ नका. टीकाकारांच्या मते इथला ‘बाल’ म्हणजे व्याकरण, काव्य, कोश शिकलेला, फक्त न्याय न शिकलेला.

हेत्वाभासात एक गोंधळ हमखास होतो. (पक्ष म्हणजे ज्याविषयी सिद्ध करायचं ते, हेतू म्हणजे त्यासाठी दिलेलं कारण.) ‘शब्दो गुणः, चाक्षुषत्वात्’ हा स्वरूपासिद्ध, कारण हेतू पक्षातच नाही. शब्द डोळ्यांनी दिसत नाही. ‘गगनारविन्दं सुरभि, अरविन्दत्वात्’ हा आश्रयासिद्ध, कारण पक्षच नाही. ‘पर्वतो धूमवान्, वह्निमत्त्वात्’ यात पक्ष आहे, हेतूही पक्षात आहे, पण ओल्या सरपणाचा संयोग हा उपाधी (व्याप्तीला लागणारी जादा अट) आहे, म्हणून व्याप्यत्वासिद्ध. प्रश्न नेहमी या क्रमाने विचारा: पक्ष आहे का, हेतू पक्षात आहे का, व्याप्ती निरुपाधिक आहे का.

आचार्यपदवी
नेटबद्दल. ती साधारणपणे एम.ए.च्या विषयातच द्यायची असते, त्यामुळे तुमचा निर्णय प्रवेश घेतानाच झालाय. दोन्हीकडे साचा एकच: ५० अधिक १०० असे १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास, चुकीला गुण कापत नाहीत. पण तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात पाश्चात्त्य विचार मोठा आहे, तर्कशास्त्राचा वेगळा घटक आहे. संस्कृतच्या (विषय क्र. २५) अभ्यासक्रमात दर्शनांत तर्कसंग्रह, सांख्यकारिका, वेदान्तसार, अर्थसंग्रह आहेत, पण त्यासोबत वेद, साहित्य, पस्पशाह्निक (पतंजलीच्या महाभाष्याचं पहिलं प्रकरण) आणि शिलालेखसुद्धा. फक्त दर्शनांच्या ओढीने संस्कृत एम.ए. घेणाऱ्यांना हे उशिरा कळतं.

मुळात ग्रंथ वाचायचेच असतील तर शास्त्री-आचार्य हा तिसरा रस्ता आहे, रामटेकच्या कवि कुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठासारख्या ठिकाणी. तिथे पंक्ती लावण्यावर भर असतो, निबंधलेखन नि आधुनिक संदर्भसाहित्य कमी. तत्त्वज्ञान विभागात नेमकं उलट. पीएच.डी.ला दोन्ही लागतं, म्हणून जे तुमच्या विभागात नाही ते बाहेर एखाद्या शास्त्र्यांकडे किंवा पाठशाळेत जाऊन भरून काढावं.

तर्कसंग्रहानंतर विश्वनाथ पंचाननांची मुक्तावली, हा रूढ क्रम. थेट गंगेशाच्या व्याप्तिपंचकावर उडी मारू नका. त्याआधी अवच्छेदकाची (कशाच्या रूपाने, कोणत्या संबंधाने, हे नेमकं ठरवणाऱ्याची) भाषा हातात बसली पाहिजे, आणि ती कागदावर आकृती काढूनच बसते. ‘भूतले घटो नास्ति’ (जमिनीवर घट नाही) घ्या. डावीकडे भूतल, ते अनुयोगी (जिथे अभाव आहे ते). उजवीकडे घट, तो प्रतियोगी (ज्याचा अभाव आहे तो). मध्ये अभाव. घटावर प्रतियोगिता लिहा, तिचा अवच्छेदक धर्म घटत्व. आता विचारा, कोणत्या संबंधाने नाही? संयोगाने. तो अवच्छेदक संबंध, तोही लिहा. तो का लागतो हे कपालावर (ज्या तुकड्यांपासून घट बनतो त्यातल्या एकावर) करून पाहा: कपालात घट समवायाने आहे, पण संयोगाने नाही. संबंध लिहिला नाही तर एकाच कपालावर ‘घट आहे’ आणि ‘घट नाही’ दोन्ही खरं ठरेल.