२५ पैकी २५, पण हरवलं कुणाला?

टापटीप

ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅक कॅविआर घोडीचं नाव निघालं की समोरचा "२५ शर्यती, २५ विजय" एवढं म्हणतो आणि हात झटकतो. मला हे पटत नाही. गेल्या वीसेक वर्षांतल्या शर्यतीच्या घोडींमध्ये माझ्या लेखी पहिली विंक्स, तीही ऑस्ट्रेलियाचीच, आणि दुसरी बऱ्याच अंतरावर.

विंक्स ४३ शर्यती धावली, ३७ जिंकली. पहिल्या १० मध्ये ६ वेळा हरली होती. मग २०१५ च्या मे महिन्यापासून एप्रिल २०१९ ला निवृत्त होईपर्यंत सलग ३३ विजय, एकूण २५ ग्रुप वन, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या शर्यती. ब्लॅक कॅविआर १००० ते १४०० मीटरची राणी. विंक्स १४०० लाही मारायची, २००० लाही. मेलबर्नच्या मुनी व्हॅली मैदानावरची कॉक्स प्लेट तिने लागोपाठ चार वर्षं जिंकली. ते मैदान तेव्हा आखूड, वळणांचं, शेवटची सरळ धाव जेमतेम १७३ मीटर. मागून येणाऱ्याला तिथे मोकळं व्हायला वेळच मिळायचा नाही, आणि २०१६ ला ही बाई आठ लेंग्थने (घोड्याच्या आठ लांबींनी) जिंकते! तिचा जॉकी ह्यू बोमनने चाबूक नुसता मिरवायला आणला होता की काय, असं वाटावं.

ज्यांना दुसरी कुणी मोठी वाटते त्यांनी नाव सांगावं, आणि तिने कुणाला हरवलं तेही सांगावं.

खोगीरभरती

टापटीपराव, तुमचाच प्रश्न तुम्हाला परत. विंक्सने हरवलं कुणाला? चार वर्षं जगात तिच्या नावाचा डंका, आणि घोडीने ऑस्ट्रेलियाची हद्द ओलांडली नाही. अॅस्कॉटला बोलावणं होतं, गेली नाही. घरच्या मैदानावर त्याच त्या घोड्यांना पुन्हा पुन्हा हरवायचं आणि आकडा फुगवायचा.

माझ्याकडून नाव इंग्लंडच्या एनेबलचं. २०१७ ला तीन वर्षांची असताना इंग्लंडची किंग जॉर्ज आणि फ्रान्सची आर्क, युरोपातल्या दोन बड्या शर्यती. २०१८ ला दुखापतीमुळे अख्खा उन्हाळा तबेल्यात, आर्कआधी केम्प्टनला एकच शर्यत, तरी आर्क परत मारली. आणि तिथून थेट अमेरिका, ब्रीडर्स कप टर्फ. एकाच वर्षी या दोन्ही जिंकणारं तिच्याआधी कुणी नव्हतं, घोडाही नाही. किंग जॉर्ज तीनदा. १९ पैकी १५. हरली ती भिडून हरली.

मेलबर्नकर

खोगीरभरती, "तेच ते घोडे" म्हणताय म्हणून विचारतो. हायलंड रील आठवतो? २०१६ ला किंग जॉर्ज आणि ब्रीडर्स कप टर्फ जिंकलेला, आयरिश ट्रेनर एडन ओब्रायनचा. त्याच्या आदल्या वर्षी तो इथे कॉक्स प्लेटला आला होता. तिसरा आला. विंक्स पुढे निघून गेली होती जवळजवळ पाच लेंग्थ. २०१८ ला दुबईच्या गोडॉल्फिन तबेल्याचा बेनबाटल आला, तोही दुसरा. पाहुणे घरी येऊन मार खाऊन गेले, तर ते हिशेबात धरायचं नाही का?

बाकी मी इथे राहतो, तरी माझं मत ब्लॅक कॅविआरला. २०१२ ला तिला मेलबर्नहून विमानाने इंग्लंडला नेलं, आखडू नये म्हणून अंगभर घट्ट सूट घालून. अॅस्कॉटला तिचा जॉकी ल्यूक नोलनने शेवटी लगाम सैल सोडला आणि फ्रान्सची मूनलाइट क्लाउड अंगावर आली. हेडने, म्हणजे डोक्याएवढ्या अंतराने, वाचली. नंतर कळलं की स्नायू फाटला होता. आजारी अंगाने परक्या मुलखात जिंकली, याला तुम्ही काय म्हणाल?

खोगीरभरती

हायलंड रील म्हणालात ते बरं केलंत. तोच २०१७ च्या किंग जॉर्जमध्ये होता, एनेबलच्या मागे चौथा. आणि तेव्हा तो पाच वर्षांचा, पुरता तयार झालेला. विंक्सपुढे आला तेव्हा तीन वर्षांचं पोरगं होतं, जग फिरून दमलेलं.

मेलबर्नकर

आणि एनेबलला त्या किंग जॉर्जमध्ये वजनात वयाची सवलत आणि वर फिलीची, म्हणजे तरुण घोडीची, सवलत होती, ते कुणी सांगायचं?

माईसाहेब_ठाणे

बरं झालं, वजनाचा विषय कुणीतरी काढला. मी तेवढ्यासाठीच थांबले होते. आर्कला फिलींना दीड किलो सूट, ऑस्ट्रेलियात वेट-फॉर-एजला (वयानुसार वजन ठरतं त्या शर्यतींना) दोन किलो. विंक्स २०१६ पासून कॉक्स प्लेटला ५७ किलो घेऊन धावायची, तिच्या वयाचे घोडे ५९. आपल्या महालक्ष्मीलाही डर्बीत फिलींना कमीच वजन असतं. हे काही फसवणूक नाही, नियमच आहे. पण "घोड्यांना धूळ चारली" असं छाती ठोकून सांगताना तो दीड-दोन किलोही सांगावा.

आणि तुम्ही सगळे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच करताय. जपानची आमंड आय कुठे गेली? २०१८ च्या जपान कपला २४०० मीटर २ मिनिटं २०.६ सेकंदांत. तीन वर्षांची होती तेव्हा. २०२० ला तोच जपान कप तिची शेवटची शर्यत, समोर दोन अपराजित ट्रिपल क्राउनवाले (तीन वर्षांच्यांच्या तिन्ही मोठ्या शर्यती जिंकलेले), कॉन्ट्रेल आणि डेरिंग टॅक्ट. दोघांनाही मागे टाकून निवृत्त झाली. "हरवलं कुणाला" याचं एवढं सरळ उत्तर बाकी कुणाकडे असेल तर दाखवा.

आठवा फर्लांग

माई, आमंड आय मान्य. पण जपानच्याच अरिमा किनेन शर्यतीला २०१९ मध्ये नववी आली होती हो. :)

मी अमेरिकेच्या झेन्याटावाला. २० पैकी १९. साठ हजार डॉलरची घोडी, सुरुवातीला कायम सगळ्यांच्या मागे, आणि जॉकी माइक स्मिथ शेवटच्या वळणावर बाहेरून काढायचा. २००९ ला ब्रीडर्स कप क्लासिक जिंकणारी पहिली घोडी. त्यात त्या वर्षीचा केंटकी डर्बीवाला माइन दॅट बर्ड होता, बेलमाँटवाला समर बर्डही होता.

तरी त्या वर्षीचा हॉर्स ऑफ द इयर किताब मिळाला दुसऱ्या घोडीला, रेचल अलेक्झांड्राला! प्रीकनेस, हॅस्केल, वुडवर्ड, सगळीकडे घोड्यांना हरवलं म्हणून. जॉकी कॅल्व्हिन बोरेलने तर डर्बी जिंकून दिलेला माइन दॅट बर्ड सोडला आणि प्रीकनेसला तिच्यावर बसला. जॉकीला कळतं कोण भारी ते. पण रेचलच्या मालकाला कॅलिफोर्नियाचं कृत्रिम मैदान नको होतं, त्यामुळे दोघी कधी एकत्र धावल्याच नाहीत.

खोगीरभरती

झेन्याटाच्या २० पैकी १७ शर्यती कॅलिफोर्नियात. विंक्सची अमेरिकन बहीण.

आठवा फर्लांग

१७ तिथे, बरोबर. विसावी केंटकीत, चर्चिल डाउन्सच्या मातीवर, दिव्यांच्या उजेडात. पहिला अर्धा मैल घोळक्यापासून तुटून मागे, तोंडावर माती. तिथून येऊन ब्लेमकडून हेडने हरली. माझ्या मते तिच्या १९ विजयांपेक्षा ती हार मोठी आहे. त्या रात्रीचं रेसिंग पाहून मग "घरची वाघीण" म्हणा.

टापटीप

हार मोठी कशी असू शकते हो? निकालाच्या पाटीवर ब्लेमचं नाव पहिलं आहे.

माईंचं वजनाचं मान्य. तरी ३३ वेळा लागोपाठ, चार वर्षं, एकदाही वाईट दिवस नाही? एनेबलला २०१९ च्या आर्कला पॅरिसची चिखलट जमीन नडली, वाल्डगाइस्ट घोडा पुढे गेला. आमंड आयला अरिमा नडली. विंक्सला काय नडलं ते सांगा.

खोगीरभरती

विमान.