नोटीस बोर्डावरचं पोस्टर

सेक्रेटरी (ए-204): विज्ञान दिनाची पोस्टरं उद्या बोर्डावर लागतील. पोरांनी मेहनत केलीय, पण काही चुकलं असेल तर आजच सांगा.

सी-101 मॅडम: चेतासंस्थेच्या पोस्टरवर चेतांचे प्रकार ‘संवेदी, प्रेरक, सहयोगी’ लिहिलेत. ते चेतापेशींचे झाले. सहयोगी पेशी मेंदूत आणि मेरुरज्जूतच असतात. चेता म्हणजे तंतूंची जुडी. तिचे प्रकार संवेदी (संवेदना आत आणणारी), प्रेरक (स्नायूंकडे आदेश नेणारी) आणि मिश्र (दोन्ही करणारी). परीक्षेत इथेच गुण जातात.

बी-302: चेतांच्या जोड्या तरी बरोबर ना? मेंदूच्या 12 आणि मेरुरज्जूच्या 31?

ए-102 फिजिओ: आकडे बरोबर, बेरीज चुकलीय. मानेच्या 8 हव्यात, पोरांनी 7 लिहिल्यात. पुढे छातीच्या 12, कमरेच्या 5, त्रिकास्थीच्या 5, माकडहाडाची 1. मानेचे मणके 7च, पण पहिली चेता पहिल्या मणक्याच्या वरून निघते नि आठवी सातव्याच्या खालून.

सी-101 मॅडम: या 31 मिश्र. मेंदूच्या 12 मध्ये 1, 2, 8 संवेदी (वास, दृष्टी, ऐकणं-तोल), 5, 7, 9, 10 मिश्र, उरलेल्या प्रेरक.

बी-001 काकू: गो बाय, ‘नस’ म्हणजे यातली नक्की कुठली? शीर की चेता?

डॉक्टर (सी-303): बोलताना आपण दोन्हींना नसच म्हणतो काकू, आणि घोळ तिथेच होतो. विळीवर सुरमई कापताना बोट कापलं, रक्त थांबलं, बोट वाकतंय, म्हणजे नस शाबूत असं लोक धरून चालतात. बोट वाकवणारे मोठे स्नायू असतात कोपराखाली, बोटात येतात त्या त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या. बोटाच्या दोन्ही कडांनी जाणाऱ्या चेता संवेदी असतात. त्यातली एक तुटली तरी बोट हलतं, फक्त त्या बाजूची कड बधिर होते.

बी-302: मग घरी कसं ओळखायचं?

डॉक्टर (सी-303): डोळे मिटायला सांगा. जखमेच्या पुढे, टोकाकडे, दोन्ही कडांना कापसाची वात हलकेच लावा आणि दुसऱ्या हाताच्या त्याच बोटाशी ताडून बघा. हे भूल देण्याआधीच, नंतर काही कळत नाही. एक कड बधिर वाटली तर त्याच दिवशी हाताच्या सर्जनकडे. चेता शिवल्यावर तंतू साधारण रोज 1 मिलिमीटर वाढतो. म्हणजे 6 सेंटिमीटरला दोन महिने, वर सुरुवातीचे काही आठवडे.

ए-102 फिजिओ: पोस्टरवर चेतांमधून जाणाऱ्या संदेशाचा वेग सरसकट ‘सेकंदाला 120 मीटर’ आहे. तो जाड, आवरण असलेल्या तंतूंचा. आवरण नसलेले बारीक तंतू सेकंदाला अर्धा ते 2 मीटर. ठेच लागल्यावर आधी चमक नि मग ठणका, तो यामुळेच.

सेक्रेटरी (ए-204): पोस्टर खाली आणतोय. काळा मार्कर कुणाकडे आहे?