सामायिक ॲरे सिंगलटनमध्ये ठेवावा की वर्गावर्गांतून हाती द्यावा?

मूळ मत (गायत्रीनगर, नागपूर)
कळमना बाजारातील संत्र्यांच्या लिलावाच्या नोंदी ठेवणारे ऑब्जेक्टिव्ह-सी या प्रोग्रॅमिंग भाषेतील एक जुने ॲप सध्या माझ्याकडे देखभालीला आहे. त्यात दिवसभराच्या नोंदींचा एनएसम्युटेबलॲरे (बदलता येणारा ॲरे, म्हणजे क्रमवार यादी) एका सिंगलटनमध्ये (संपूर्ण ॲपमध्ये एकच असणारी, कुठूनही गाठता येणारी वस्तू) असून यादी, तपशील आणि बेरीज हे तिन्ही स्क्रीन तो थेट वाचतात आणि बदलतातही. गेल्या आठवड्यात यादीवर फॉर-इन लूप (एकेक नोंद वाचणारी फेरी) चालू असतानाच दुसऱ्या थ्रेडने (समांतर चालणाऱ्या कामाने) नवी नोंद भरली आणि ऐन लिलावात ॲप बंद पडले. म्हणून माझे ठाम मत असे, की ॲरे प्रिपेअर-फॉर-सेग्वेमध्ये (सेग्वे म्हणजे एका स्क्रीनवरून दुसरीकडे जाणे; त्याआधी चालणारी ही मेथड) पुढच्या कंट्रोलरच्या (स्क्रीन सांभाळणाऱ्या वर्गाच्या) 'कॉपी' प्रॉपर्टीत, म्हणजे दिलेल्याची प्रत ठेवणाऱ्या प्रॉपर्टीत द्यावा आणि झालेला बदल डेलिगेटने (बदल कळवण्यासाठी नेमलेल्या वस्तूमार्फत) परत कळवावा.

प्रतिसाद (विरोधी मत)
हा दोष सिंगलटनचा नाही, बदलता ॲरे हेडर फाइलमध्ये (इतर वर्गांना, म्हणजे क्लासना, दिसणाऱ्या फाइलमध्ये) उघडा ठेवल्याचा आहे. सिंगलटन बनवताना वापरतात त्या डिस्पॅच-वन्समुळे (कोड एकदाच चालवणाऱ्या सोयीमुळे) वस्तू एकदाच तयार होते एवढीच हमी मिळते. तिच्या पोटातील ॲरेला त्यातून कोणतेही संरक्षण मिळत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ॲरे डॉट-एम फाइलमध्ये (वर्गाचा आतला कोड असलेल्या फाइलमध्ये) खासगी ठेवा, सगळी वाचने आणि बदल एकाच सीरियल क्यूवरून (कामे एकामागून एक करणाऱ्या रांगेतून) होऊ द्या आणि मागणाऱ्याला केवळ प्रत द्या. आपले तिन्ही स्क्रीन टॅब बारमध्ये असतील, तर त्यांच्यामध्ये सेग्वेच नाही. मग प्रिपेअर-फॉर-सेग्वे कुठे लिहिणार?

प्रतिसाद
'कॉपी' लिहिताना एक काळजी घ्यावी. प्रॉपर्टीचा प्रकार एनएसम्युटेबलॲरे असूनही तिला 'कॉपी' लावले, तर आत न बदलणारा एनएसॲरे जाऊन बसतो आणि पहिल्याच ॲड-ऑब्जेक्टला (ॲरेत नोंद भरणाऱ्या मेथडला) ॲप कोसळते. शिवाय ही प्रत उथळ असते: ॲरे नवा, पण नोंदी त्याच. तपशिलाच्या स्क्रीनवर एखाद्या नोंदीचा भाव बदलला, तर तो यादीतही बदललेला असतो.

मूळ लेखकाचे उत्तर
उथळ प्रतीचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे; नोंदीच्या वर्गातील प्रॉपर्टी आता रीडओन्ली (केवळ वाचता येणाऱ्या) करतो. तिन्ही स्क्रीन टॅबमध्येच आहेत, त्यामुळे सेग्वेचा आग्रहही सोडतो. सिंगलटनला मात्र माझा विरोध कायम आहे, कारण कोणता वर्ग कशावर अवलंबून आहे हे हेडर वाचून कळत नाही आणि एका चाचणीत भरलेल्या नोंदी दुसऱ्या चाचणीत तशाच उरतात. आपण सुचवलेला खासगी ॲरे आणि क्यू असलेला साधा वर्ग मी लिहीन, ॲप डेलिगेटमध्ये (ॲप सुरू होताना काम करणाऱ्या वर्गात) त्याची एकच वस्तू तयार करीन आणि तीच तिन्ही टॅबच्या कंट्रोलरांना 'स्ट्राँग' (प्रत न करता तीच वस्तू धरून ठेवणाऱ्या) प्रॉपर्टीतून देईन.

विरोधी मत मांडणारे
ही रचना मलाही पटते. एक मात्र सांभाळा: बदलाची सूचना एनएसनोटिफिकेशनसेंटरने (ॲपमध्ये सूचना पोहोचवणाऱ्या सोयीने) द्याल, तर ती ज्या थ्रेडवरून पाठवली त्याच थ्रेडवर ऐकणाऱ्याची मेथड चालते. टेबल रीलोड करण्याआधी मुख्य क्यूवर (स्क्रीनचे बदल जिथे करायचे असतात त्या रांगेवर) येणे विसरलात, तर ॲप पुन्हा लिलावातच अडखळेल.