स्टार्टअपमधली सेल्सची नोकरी: अनुभव सांगा

भाच्यासमोर दोन ऑफर आहेत. एक पंप बनवणाऱ्या जुन्या कंपनीची, दुसरी बाणेरच्या वीसेक माणसांच्या स्टार्टअपमध्ये सेल्सची. घरात रोज वाद. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी लिहा. सल्ले नकोत, काय घडलं ते सांगा.

बोहरी आळीत चपला झिजवलेला
१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि आम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर घेऊन रविवार पेठेत उतरलो. एका हार्डवेअरच्या दुकानात मी सहा वेळा गेलो. शेठ खिळे तोलता तोलता म्हणायचे, "टॅली आहे, मुनीमजी आहेत, तू कशाला?" सातव्या खेपेला त्यांनी बिजागरीचा एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीच्या बिलावरचा मालाचा नंबर, विचारला. मी म्हटलं ८३०२, आणि खिळ्यांचा ७३१७. शेठनी वजन बाजूला ठेवलं, चहा सांगितला आणि वर्षाचा चेक फाडला.

दुसऱ्या दिवशी कळलं, त्यांच्या जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर आमचं बिल अर्धंच छापतंय. ते सॉफ्टवेअर लिहिणारा पोरगा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. त्यानं तीन दिवसांत दुरुस्त केलं. मोठ्या कंपनीत तिकीट टाकून वाट बघत बसलो असतो. पण नेट नसतानाही चालेल, असं आमच्या फाउंडरनं परस्पर कबूल करून ठेवलं होतं. ते चालायचं नाही, आणि शिव्या मात्र मी खाल्ल्या.

माजी एडटेक
२०२१, बंगळुरू. दिवसभर पालकांना फोन. साताऱ्याकडच्या एका रिक्षावाल्या काकांना मी हप्त्यावर कोर्स विकला. मुलगी दोनच तास बसली. काका रद्द करायला फोन करत राहिले. मी तोवर इन्सेंटिव्ह घेऊन मोकळा. पुढे कोर्स रद्द झाला आणि तो इन्सेंटिव्ह माझ्या पगारातून कापला गेला. त्याचं काही वाटलं नाही, पण काकांचा नंबर अजून सेव्ह आहे.

अकरा महिने
ईसॉप्स होते, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या भावात घ्यायचा हक्क. चार वर्षांचं व्हेस्टिंग, म्हणजे तो हक्क चार वर्षांत थोडा थोडा हाती येणार, पहिलं वर्ष भरायच्या आत गेलात तर शून्य. मला अकराव्या महिन्यात नारळ दिला.

चाकणकरीण
मी कारखान्यांना मशीनवर लावायचे सेन्सर विकते. गेटवर हमखास प्रश्न, "मॅडम, साहेब मागून येतायत का?" साहेब वगैरे कुणी नाही, मीच. एक ऑर्डर यायला सात-आठ महिने: आधी ट्रायल, मग व्हेंडर रजिस्ट्रेशन, मग पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर). पैसे त्याहून पुढे. लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यायचं असा कायदा आहे, पण ते परचेसवाल्याला सांगून बघा! माझा इन्सेंटिव्ह वसुलीवर, त्यामुळे दिवाळीची रक्कम होळीला मिळते. तरी सोडणार नाही. दुसऱ्या वर्षी किंमत ठरवायच्या मीटिंगला मला बसवलं. आधीच्या कंपनीत पाच वर्षांत त्या खोलीचं दारही पाहिलं नव्हतं.

भाच्याला एवढंच विचारायला सांगा: इन्सेंटिव्ह बिलावर की वसुलीवर?

धागाकर्ता
विचारलं. एचआर म्हणाली, "पॉलिसी बनतेय." पगारातला ४० टक्के भाग व्हेरिएबल आहे, म्हणजे कामगिरीवर कमी-जास्त होणारा. ताई दोन दिवस बोलत नाहीये. भाचा सोमवारी बाणेरला जॉइन होतोय.