मदत हवी आहे: ‘आम्ही मेरिटवर आलो’ म्हणणाऱ्या वर्गासाठी उपक्रम

एका महागड्या खासगी विद्यापीठात पहिल्या वर्षाला शिकवते. महागडे क्लास, घरचं इंग्रजी हे मुलांच्या हिशेबातच नसतं. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांचा २०२३चा अभ्यास दाखवला: प्रवेशपरीक्षेत गुण सारखे असूनही, आयव्ही लीगसारख्या नामांकित अमेरिकी विद्यापीठांत पोचण्याची शक्यता सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतल्या मुलांना मध्यमवर्गीयांच्या दुपटीहून जास्त. उत्तर आलं, “मॅम, ते अमेरिकेत!”

‘एक पाऊल पुढे या’ हा खेळ (घरी अमुक सोय असेल तर एक पाऊल पुढे) कृपया सुचवू नका. शिष्यवृत्तीवरची मुलं त्यात उघडी पडतात. खेडेभेटही नको, नुसत्या सेल्फी वाढतात.

वर्ग साठेक मुलांचा, तास एकच, मराठी-इंग्रजी दोन्ही चालेल. कुणालाही स्वतःच्या घराबद्दल बोलावं लागणार नाही असा, भारतीय आकडेवारीवरचा उपक्रम कुणी घेतलाय का? आकडे कुठून घेतले?