सॅन होजेच्या टॅक्स बिलात हे बाँड कुठून आले?

निवांत_नाना: मंडळी, सॅन होजेत नुकतंच घर घेतलंय, परवा प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं. १ टक्का लागणार हे धरूनच चाललो होतो, पण त्याच्याखाली शहराचा बाँड, काउंटीचा बाँड, शाळेचा, कॉलेजचा अशी रांगच लागलीये. एजंट म्हणे लोकांनी मतदान करून मंजूर केलंय. कुठल्या लोकांनी? आम्ही ग्रीन कार्डवाले, आम्हाला कोण विचारतंय! आणि रस्ते, पूल हे महापालिकेचं कामच आहे ना, त्याला वेगळं मतदान कशाला?

जुनी_सनीवेलकर: नाना, मूळ १९७८ च्या प्रॉप १३ मधे आहे, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मंजूर केलेल्या टॅक्सच्या नियमात. त्याने टॅक्स १ टक्क्यावर अडकवला आणि असेस्ड किंमत, म्हणजे ज्या किमतीवर टॅक्स लागतो ती, वर्षाला जास्तीत जास्त २ टक्केच वाढते, घर विकलं गेलं की मात्र नव्या भावाला येते, म्हणून तुमच्या शेजारच्या आजोबांचं बिल तुमच्या पावपटसुद्धा असू शकतं. मग शहराने मोठ्या कामाला पैसा आणायचा कुठून, तर बाँड काढून कर्ज घ्यायचं, आणि ते फेडायला १ टक्क्याच्या वर टॅक्स लावायचा तर दोन तृतीयांश मतं पाहिजेत. २०१८ चं बघा ना, मेझर टी, म्हणजे सॅन होजेने मतदानाला ठेवलेला बाँडचा प्रस्ताव, रस्ते, पूल, फायर स्टेशन, पूरनियंत्रण यासाठी ६५ कोटी डॉलर, त्याला ७० टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि पास झालं. त्याच मतपत्रिकेवर परवडणाऱ्या घरांसाठी ४५ कोटींचं मेझर व्ही होतं, त्याला साठाच्या वर टक्के मिळाले तरी पडलं! आदल्याच वर्षी कोयोटी क्रीकचा पूर येऊन १४ हजार लोकांना घरं सोडायला लागली होती, ते सगळ्यांच्या डोळ्यासमोर होतं, त्यामुळे टी ला मतं मिळाली असं माझं मत. शाळांच्या बाँडला मात्र ५५ टक्के पुरतात.

हिशोबी_माणूस: ताईंचं बरोबर आहे पण दुसरी बाजू पण ऐका. मतपत्रिकेवर ७५ शब्दांत सगळं गोडगोड लिहितात, खड्डे बुजवणार, ९११ ची आणीबाणीची सेवा सुधारणार, नाही कोण म्हणेल. पण ६५ कोटी हे नुसतं मुद्दल, व्याज धरून तीसेक वर्षं फेडत बसायचं. आणि या पैशातून फक्त बांधकाम आणि जमीन, पगार नाही. सॅन होजेतली बॅस्कमची लायब्ररी आठवते का कोणाला? २००० सालच्या बाँडमधून बांधली, तेवढ्यात मंदी आली, स्टाफला पैसे नाहीत म्हणून नवीकोरी इमारत कुलूप लावून ठेवली, उघडली थेट २०१३ ला. मी तर प्रत्येक वेळी आधी हेच बघतो की बांधून झाल्यावर चालवणार कोण.

कोथरूडकर: आमच्याकडे पुणे मनपाने पण २०१७ ला २०० कोटींचे बाँड काढले की, २४ तास पाण्याच्या योजनेसाठी, ७.५९ टक्के व्याज. मुंबईत बीएसईवर गाजावाजा करून लिस्टिंग झालं. मतदान वगैरे काही नाही, नगरसेवकांनी हात वर केले की झालं. तुम्हाला निदान नाही म्हणायची सोय आहे राव.

निवांत_नाना: सोय कुठली, मत तर नाहीच ना मला :) बरं, आणि भाड्याने राहणारा सिटिझन मत देतो पण बिल मालकाला, हे कसं?

जुनी_सनीवेलकर: देतो, आणि घरमालक ते भाड्यातून वसूल करतो, त्यामुळे तोही फुकट सुटत नाही. तुम्ही एवढं करा, पुढच्या वेळी मतपत्रिकेसोबत जी पुस्तिका येते ती कोणाकडून तरी घेऊन त्यातलं टॅक्स रेटचं पान वाचा. तो रेट १ लाख डॉलरमागे असतो आणि असेस्ड किमतीवर, बाजारभावावर नाही. समजा १५ डॉलर असेल आणि तुमची असेस्ड किंमत १२ लाख, तर वर्षाला १८० डॉलर. आणि वाद नंतर घाला हो, पहिला हप्ता १० डिसेंबरच्या आत भरा, नाहीतर १० टक्के दंड बसतो.