मैत्रिणीसोबत चीजच्या स्पर्धेला जायलेय, तिथं मी नेमकं काय करू?

औसारोडवाली
नमस्कार मंडळी. लातूरला येत्या रविवारी एका मंगल कार्यालयात हौशी लोकांची चीजच्या पदार्थांची स्पर्धा ठेवलीय, हॉटेलवाले केटरिंगवाले चालणार नाहीत, फक्त घरी स्वयंपाक करणारे. एक तासात तिथंच करून दाखवायचं, शेगडी त्यांची, सामान आपलं. माझी मैत्रीण उतरायलीय अन् मला म्हणती, तू नुसती सोबत उभी रहा, मला धीर येतो. आता नुसतं उभं तरी कसं राहायचं सांगा.

तिनं धपाटे ठरवलेत. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, थोडी कणीक, लसूण-मिरची वाटून, कोथिंबीर आपली लातूरकडची कास्तीच पाहिजे हा तिचा हट्ट, अन् दोन पातळ धपाट्यांच्या मधी चीज घालून कडा दाबून तव्यावर. धपाटे लई भारी झालेत. पण वरून ओतायला चीजचा सॉस करायलीय तो परवा घरी फाटला, वर पिवळं तेल तरंगायलं अन् खाली रव्यावानी कण. आता ती दर घासाला माझ्या तोंडाकडं बघती. खरं बोलू का धीर देऊ? अन् सोबत काय काय न्यावं तेही सांगा.

मोंढ्यातला
चीज म्हणजे पनीरच की ओ, जरा महाग. त्याची बी स्पर्धा व्हायली का आता 😀

उदगीरचा_डेअरीवाला
नाही भाऊ, पनीर अन् चीज एकाच माळेचे मणी नाहीत. पनीर कडक तापलेल्या दुधात लिंबू नाहीतर सायट्रिक ॲसिड टाकून फाडतात, म्हणून ते कितीही तापवा, लाल होईल, करपेल, पण वितळायचं नाही. चीजला विरजण अन् रेनेट (दूध जमवणारं एन्झाइम) लागतं, त्यात कॅल्शियम प्रोटीनला धरून राहतं, अन् गरम झालं की ते जाळं सैल पडून चीज वितळतं.

ताई, तुमच्या मैत्रिणीचा सॉस कामून फाटला ते सांगतो. उकळत्या दुधात चीज टाकून गॅस चालूच ठेवला असणार. जास्त आचेला प्रोटीन आकसतं अन् स्निग्धांश बाहेर पडतो, तेच तुमचं पिवळं तेल. आधी लोण्यात चमचाभर मैदा परतायचा, दूध घालून घट्टसर होऊ द्यायचं, मग गॅस बंद, दोन मिनिटं थांबायचं अन् किसलेलं चीज मूठमूठ टाकत ढवळायचं. चीज टाकल्यावर परत उकळी नाही म्हणजे नाही.

अन् दुसरं, कुठलं चीज वापरलं? एकटं मोझरेला असंल तर सॉस तारा धरणार, गुळगुळीत व्हायचा नाही. आपलं साधं डब्यातलं किंवा क्यूबचं प्रोसेस्ड चीज घ्या. त्यात सोडियम सायट्रेटसारखे क्षार असतात, ते तेल अन् पाणी एकत्र धरून ठेवतात. ही युक्ती १९११ ची आहे, स्वित्झर्लंडमधी गेर्बर अन् स्टेटलर यांनी काढली, चीज लांबच्या गरम मुलखात टिकावं म्हणून. म्हणजे आपल्या लातूरच्या उन्हाला एकदम फिट. मोझरेला धपाट्याच्या पोटात ठेवा, तिथं तार पाहिजेच.

नांदेडची_काकू
मी घरगुती स्पर्धांना परीक्षक म्हणून जाऊन आलेय म्हणून एवढंच सांगते की आम्हाला एकामागं एक चीजच चाखावं लागतं. चार-पाच ताटं झाली की जिभेवर साय चढल्यासारखी होती, अन् मग पुढचं कितीही चांगलं असू दे सगळं सारखंच लागतं. तेव्हा ज्या ताटात कच्चा कांदा, काकडी असं काही कुरकुरीत नाहीतर आंबट असतं ते लक्षात राहतं. वर सॉसचा पूर घालणारे बहुतेक तिथंच मार खातात. तुझ्या मैत्रिणीचं पोटात चीज असलेलं धपाटं हेच मुळात बेस्ट आहे बाई, सॉस वाटीत बाजूला दोन चमचे दे म्हणावं.

मीठ तपासा. प्रोसेस्ड चीजमधी मीठ असतंच, त्यात ठेच्याचं मीठ, त्यात धपाट्याच्या पिठात मीठ, आम्ही पाणी पाणी करतो मग. पिठात निम्मंच घाला.

खरं बोलायचं का म्हणशील, तर शनिवारपर्यंत बोल. अगदी स्पष्ट बोल, हे खारट आहे, हे कच्चं आहे. रविवारी सकाळपासून मात्र तोंड शिवून घे. तव्यावर धपाटं असताना "अगं जरा जास्त लाल होतंय का" म्हणणारी सोबतीण मी बघितलीय, त्या बाईचा हात थरथरायला लागला होता.

परभणीकर८८
काकूंना अनुमोदन. बायकोसोबत गेलतो अशाच एका स्पर्धेला, तर अनुभवाचे बोल. मंगल कार्यालयात मोठे कूलर लावतात अन् कूलरसमोर टेबल आलं तर गॅसची ज्योत फडफडती, तवा तापतच नाही, अन् ताट परीक्षकांपर्यंत जाईपर्यंत चीज थिजून रबर होतं. तुम्ही सकाळी लवकर जाऊन कूलरपासून लांबचं टेबल मागून घ्या, ह्याच्याइतकी मोठी मदत दुसरी नाही. सोबतीला टेबलामागं उभं राहू देतात का तेही आयोजकांना आजच फोन करून विचारा, काही ठिकाणी एक मदतनीस चालतो, काही ठिकाणी बाहेर बसवतात.

चीज थर्माकोलच्या डब्यात, बाजूनं पाण्याच्या बाटल्या बर्फ करून. घरूनच किसून नेऊ नका, गोळा होतो. अर्धा तास आधी वडी बर्फाच्या बाटलीला चिकटवून ठेवा, कडक झाली की किसणीवर सरसर उतरती. स्वतःचा तवा न्या, सवयीचा. लायटर, फडकी, उलथणं दोन. अन् ताट गरम करून घ्या, गरम पाण्यात बुडवून पुसलं तरी चालतं.

आणि नातेवाईकांना लांब ठेवा!! एक मावशी हमखास येती अन् विचारती, "ह्यात साखर नाही घातली का?"

मोंढ्यातला
सॉस जाऊ द्या, धपाट्याबरोबर दही अन् शेंगदाण्याची चटणी द्या, परीक्षक लातूरचा असंल तर तिथंच नंबर.

औसारोडवाली
मोंढ्यातले भाऊ, नियमात लिहिलंय चीज दिसलं पाहिजे अन् मुख्य तेच पाहिजे, त्यामुळं चटणी फार तर बाजूला.

बाकी सगळ्यांचे आभार. तिला हे सगळं वाचून दाखवलं. काल गॅस बंद करून क्यूबवाला सॉस केला तर एकदम गुळगुळीत, चमच्याच्या पाठीला धरायला. मी म्हणलं खारट आहे, तर रागावली, मग पिठातलं मीठ निम्मं केलं. आयोजकांनी मदतनीस चालंल म्हणून सांगितलं, पण पदार्थाला हात लावायचा नाही, भांडी देणं-घेणं एवढंच.

आता तिच्या डोक्यात नवीन आलंय, सॉसमधी पानचिंचोलीची चिंच कोळून घालायची म्हणती, लातूरची ओळख म्हणून. चालंल का?

उदगीरचा_डेअरीवाला
दुधाच्या सॉसमधी चिंच गेली की परत रवा. चिंच-गुळाची पातळ चटणी वेगळी करा अन् कांद्यावर टाका.